जपमाळ, ख्रिस्ती (रोजरी)

जपमाळ, ख्रिस्ती : कॅथलिक परंपरेतील मण्यांवर मोजून म्हणावयाची प्रार्थना व त्या प्रार्थनेची माळ. मराठीत ‘रोजरी’ व ‘जपमाळ’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. गोव्यात ‘तेर्स’ म्हणतात. प्रॉटेस्टंट पंथांत ती सामान्यतः म्हटली जात नाही. प्रचलित माळेत एक क्रूस व ५९ मणी असतात. प्रत्येक मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकविलेली) व त्यापुढच्या दहा लहान मण्यांवर ‘नमो मरिया’ (येशूची माता मरिया हिला उद्देशून असलेली प्रार्थना) म्हणतात. असे पाच गट होतात; उरलेले मणी प्रारंभीच्या प्रार्थनांचे. प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या चरित्रातील एका प्रसंगाचे मनन करावयाचे असते. या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हणतात. हे मननच रोजरीचा गाभा होय. मननावाचून रोजरी म्हणजे आत्म्यावाचून शरीर, असे सहावे पोप पॉल यांनी १९७४ मध्ये बजावले होते.

प्रार्थना मोजण्याची प्रथा रोजरीहून पुष्कळ जुनी आहे. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील पॉल नावाचा एक तपस्वी रोज ३०० प्रार्थना म्हणे आणि मोजणी चुकू नये म्हणून मांडीत ३०० खडे घेऊन एकेक खाली टाकी. पुढे युरोपीय मठांत बायबलमधील १५० स्तोत्रे म्हणण्याचा नेम पडला. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे ते स्तोत्रांऐवजी तितक्याच वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत. त्यासाठी लागणाऱ्या माळा करणाऱ्या कारागिरांचे संघ तेराव्या शतकात पॅरिसमध्ये होते. पूर्वीच्या पूर्ण रोजरीतील (माळेच्या तीन फेऱ्यांतील) १५० ‘नमो मरिया’ या स्तोत्रसंख्येवरूनच आल्या, याबद्दल फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो कर्तृत्वाविषयी. मरियामातेने १२१४ च्या सुमारास डॉमिनिकन संघाचे संस्थापक संत डॉमिनिक यांना दर्शन देऊन रोजरी दिली, ही कथा सर्वतोमुखी आहे आणि अनेक पोपांनी तिचा उल्लेख केला आहे. परंतु डॉमिनिक यांची प्रारंभीची चरित्रे व त्यांना संतपद देताना नोंदविलेल्या साक्षी यांत रोजरीचा निर्देश आढळत नाही. बोलांडिस्ट (संतचरित्रांची चिकित्सा करणाऱ्या येशूसंघीय) संशोधकांनी कथेचा माग काढला असता तो आलां द ला रोश (सु. १४२८–७५) या डॉमिनिकन प्रवचनकारापाशी येऊन थांबला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हर्बर्ट थर्स्टन या येशूसंघीय अभ्यासकाने हेच मत विस्ताराने मांडले. दुसरीकडे, ट्रीर येथील प्रशियाचा डॉमिनिक (१३८४–१४६०) या कार्थूसियन संन्याशाने ५० ‘नमो मरियां’ना ख्रिस्तचरित्रातील ५० वाक्ये जोडली होती. त्याच परिसरातील सु. १३०० च्या एका हस्तलिखितातही अशी जोडणी सापडल्याने तिचे श्रेयही त्याला एकट्याला देता येत नाही. रोजरी एका संताची देणगी नसून वाचता न येणाऱ्या अनेकांच्या भक्तीतून हळूहळू घडली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. आणि त्याने तिचे मोल वाढतेच.

‘रोजरी’ हा शब्द लॅटिन ‘रोझारियुम’ (गुलाबांची बाग) यावरून आला. संस्कृत ‘जपमाला’ हा शब्द ‘जपा’ (जास्वंद) असा चुकीचा ऐकला जाऊन त्याचे ‘फुलांची माळ’ असे भाषांतर झाले, असे एक मत जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्ट वेबर यांच्या नावावर सांगितले जाते. मराठी वाचकाला ते मोहविणारे असले, तरी त्याला पुराव्याचा आधार तोकडा आहे.

पाचवे पोप पायस यांनी १५६९ मध्ये रोजरीला अधिकृत मान्यता दिली. ख्रिस्ती आरमाराने तुर्कांवर मिळविलेल्या लेपांतोच्या नाविक विजयाचा दिवस, ७ ऑक्टोबर (१५७१), पुढे तिचा सण झाला. दुसरे पोप जॉन पॉल यांनी २००२ मध्ये आनंद, दुःख व गौरव यांच्या रहस्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली. त्यामुळे पूर्ण रोजरी २०० ‘नमो मरियां’ची झाली. पोर्तुगीज ‘तेर्सू’ म्हणजे तिसरा हिस्सा. त्यावरून आलेला ‘तेर्स’ हा शब्द आता हिशेबाने चौथ्या हिश्शाला लागतो. लोकांच्या तोंडी तो आहे तसाच आहे.

गोवा, वसई व मुंबई परिसरात पोर्तुगीज काळापासून रोजरी रुजली. मुंबईतील जुन्या वस्त्यांतल्या क्रुसांपाशीही लोक जमून ती म्हणतात. यांतले काही क्रूस १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउली (मरियामाता) यात्रेपूर्वीच्या नोव्हेनातही (नऊ दिवसांच्या प्रार्थनेत) ती म्हटली जाते.

घरी ती संध्याकाळी, आल्तारापुढे (घरातील वेदीपुढे) मेणबत्ती लावून होते. आजी ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध म्हणते, तो लूकच्या शुभवर्तमानातील आहे, बाकीचे सारे उत्तरार्ध म्हणतात, ज्याचा आजचा पाठ १५६८ मध्ये ठरला. अक्षरओळख नसलेले मूलही हा उत्तरार्ध कानांनी उचलते आणि एखाद्या दिवशी आजी पुढचे रहस्य त्यालाच सांगायला लावते. सणावारी रोजरीनंतर लादीन (मरियेची स्तुतिमाला) गातात आणि ओले खोबरे घातलेले उकडलेले चणे वाटतात.