तंबू गळतोय की त्याला घाम फुटलाय?

नदीकाठच्या शांत कॅम्पग्राउंडवर पहाटे जाग येते ती बऱ्याचदा कपाळावर पडलेल्या थेंबाने. हात वर न्यावा तर कापड ओलंगच्च. तंबू गळतोय असं वाटतं, मग झरोके बंद होतात, चेन गळ्यापर्यंत ओढली जाते आणि तासाभरात ओल दुप्पट होते. मीही पहिल्या एकदोन खेपांना हेच केलं.

गळतीत बाहेरचं पाणी आत येतं. घामाचं पाणी आतलंच असतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब सुटतात तसे ते तंबूच्या कापडाला आतून सुटतात. झोपलेला माणूस रात्रभर श्वासातून आणि अंगातून वाफ सोडत असतो. नदीजवळची हवा आधीच दमट, त्यात रात्री गार हवा जड होऊन सखल जागी उतरते. आकाश निरभ्र असेल तर कापड आपली उष्णता वर सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. ते दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या, खाली गेलं की थेंब धरलेच. म्हणून रात्रभर चांदणं होतं आणि तरीही तंबू भिजला, तर गळतीचा संशयच घेऊ नका.

पाऊस पडत असेल तेव्हा खरा घोटाळा होतो. सरींचा मार बसून बाहेरचं कापड थरथरतं, त्याच्या आतल्या बाजूचे थेंब सुटतात आणि आतल्या तंबूच्या जाळीतून बारीक तुषार तोंडावर येतात. माणूस शपथेवर सांगेल की छप्पर गळतंय! अशा वेळी विजेरी घेऊन नीट बघा. घाम छपरभर सारखा पसरलेला असतो. गळती एखाद्या शिवणीच्या रेषेत, चेनच्या कडेला किंवा कोपऱ्यात सापडते. ती जागा फडक्याने कोरडी करून थांबा. तिथेच पुन्हा रेघ उमटली तर गळती. खालून ओल आली असेल तर ग्राउंडशीट, म्हणजे तंबूखाली अंथरलेलं कापड, तपासा. ती तंबूबाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणते. कडा आत दुमडल्या की काम झालं.

गळतीचा बंदोबस्त निघण्यापूर्वी घरीच करावा. तंबू उभारून नळीने पाणी मारा, पाझरणाऱ्या शिवणीला सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव्य) लावा. कापडाला आतून दिलेला, पाणी अडवणारा लेप चिकट होऊन पापुद्रे सुटत असतील तर नुसत्या शिवणी भरून भागत नाही.

घामावर इलाज मात्र हवा खेळती ठेवण्याचाच. थंडी वाजत असली तरी एक झरोका वर आणि एक खाली उघडा असू द्या, ऊब स्लीपिंग बॅगमधून मिळवा. बाहेरचं कापड ताणून बांधा, ते आतल्याला टेकता कामा नये. ओले कपडे बाहेर. आत स्टोव्ह कधीच पेटवू नका. वाफ तर होतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

जागा निवडताना पाण्यापासून निदान ६० मीटर मागे आणि थोडं उंचावर या. झाडांच्या छायेत कापड उघड्यावरच्यापेक्षा कमी गार पडतं, फक्त वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, ते आधी बघा.