लॅबमध्ये वाढवलेले आयलेट आणि क्लिनिकमधलं ‘स्टेम सेल’ इंजेक्शन

‘स्टेम सेलनं डायबेटिस बरा झाला’ असा मेसेज अधूनमधून आपल्या सांगलीतल्या ग्रुपांवर फिरतो. घरोघरी शुगरचे पेशंट, त्यामुळं तो पुढं पाठवायला कुणी वेळ लावत नाही. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी. घोटाळा असा, की वरची बातमी बहुतेक वेळा खरी असते आणि खालचा फोन नंबर भलत्याच गोष्टीचा असतो. बातमी लॅबमध्ये वाढवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची. नंबर स्टेम सेलचं इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकचा. तासगावला माझी मावसबहीण आहे. तिच्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे. अशाच एका नंबरावर बोलून तिनं गंठण गहाण ठेवायची तयारी केली, तेव्हा हे नीट मांडायलाच हवं असं वाटलं.

आधी बातमीतली गोष्ट. आपल्या स्वादुपिंडात पेशींचे सुमारे दहा लाख बारीक पुंजके असतात, त्यांना आयलेट म्हणतात. त्यातल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत जोखतात आणि लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशी मारून टाकते. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या गटानं मृत दात्यांच्या स्वादुपिंडातले आयलेट काढून सात पेशंटना दिले आणि सातही जणांचं इन्सुलिन थांबलं. पण एकेका पेशंटला दोन-दोन दात्यांचे आयलेट लागत होते. एवढे दाते आणायचे कुठून? म्हणून लॅबचा रस्ता शोधला गेला. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांना टाइप १ होता. त्यांच्या गटानं 2014 मध्ये स्टेम सेलपासून बीटा पेशी मोठ्या प्रमाणात तयार करून दाखवल्या.

हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. सतत ढवळल्या जाणाऱ्या द्रावणात स्टेम सेल वाढवतात. मग ठरलेल्या दिवशी ठरलेली रसायनं घालतात आणि काढतात. आईच्या पोटात बाळाचं स्वादुपिंड ज्या टप्प्यांनी घडतं, तेच टप्पे तिथं एकामागून एक घडवले जातात. काही आठवड्यांनी जेमतेम डोळ्याला दिसतील असे गोळे तयार होतात. मग परीक्षा: द्रावणातली साखर वाढवली की इन्सुलिन वाढतं का, कमी केली की घटतं का. या गोळ्यांत स्टेम सेल मागं राहून चालत नाही, कारण राहिलेल्या पेशीची पुढं गाठ होऊ शकते. शेतात थेट बी न टाकता रोपवाटिकेत रोप तयार करून, पारखून मग लावावं, तसं हे आहे.

2025 च्या जूनमध्ये अशाच पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाचं नाव झिमिस्लेसेल. यकृताकडं जाणाऱ्या शिरेतून एकदाच पूर्ण डोस दिलेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. हे सगळे टाइप १ चे, शुगर एकदम खाली जाऊनही ज्यांना ते कळतच नाही असे पेशंट होते. आपल्याकडच्या बहुसंख्य पेशंटना टाइप २ असतो. तिथं मूळ दुखणं वेगळं, त्यामुळं हा आकडा त्यांना लावता येत नाही.

आता क्लिनिकमधली गोष्ट. तिथं कमरेच्या हाडातला मगज, पोटाची चरबी किंवा नाळ यांतून पेशी काढतात आणि सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. या पेशींना कुणी बीटा पेशी बनवलेलं नसतं. शिरेतून गेलेल्या बहुतेक पेशी आधी फुफ्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. प्रतिकारशक्ती शांत करायला त्यांचा उपयोग होईल का, यावर प्रामाणिक संशोधन चालू आहे, पण ते संशोधन आहे. पैसे घेऊन विकायचा उपचार नव्हे.

‘पण अमक्याच्या मुलाचं इन्सुलिन खरंच कमी झालं,’ असं बहीण म्हणाली. झालं असेल. टाइप १ नुकताच सापडला आणि इन्सुलिन सुरू झालं, की उरलेल्या बीटा पेशींना जरा उसंत मिळते आणि काही महिने इन्सुलिनची गरज आपोआप घटते. डॉक्टर याला हनीमून काळ म्हणतात. त्याच दिवसांत इंजेक्शन घेतलं की श्रेय इंजेक्शनला जातं. मला सगळ्यात भीती वाटते ती याची, की याच भरवशावर आईबाप इन्सुलिन बंद करतात आणि पोरगं रक्तात आम्ल साठून जीवावर बेतणाऱ्या अवस्थेत, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जातं.

खरंखोटं तपासायला सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी आहे. सी-पेप्टाइड हा एक रेणूचा तुकडा, शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच तो सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. झिमिस्लेसेलच्या चाचणीतल्या पेशंटमध्ये तो आधी सापडत नव्हता, नंतर सापडू लागला. क्लिनिकवाल्यांना असे आधीचे-नंतरचे रिपोर्ट मागा. आणि सीटीआरआय, म्हणजे देशाच्या चाचणी-नोंदवहीतला क्रमांकही मागा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

‘मग ते खरं औषध आपल्या पोराला कधी?’ हा बहिणीचा पुढचा प्रश्न. सध्या ते आपल्याकडं मिळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या पेशी टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि त्यांनी जंतुसंसर्ग वाढतो. त्या चाचणीतला एक पेशंट मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गानं दगावला. शाळेत जाणाऱ्या, इन्सुलिनवर शुगर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या मुलासाठी हा सौदा आज तरी महागात पडणारा आहे. औषधांशिवाय पेशी टिकाव्यात म्हणून त्यांच्या जनुकांत बदल करायचे प्रयोग चालू आहेत. त्यांच्याकडं मी डोळे लावून बसले आहे. बहिणीनं गंठण ठेवलं नाही. त्याऐवजी मुलाला सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावता येईल का, हे विचारायला ती पुढच्या आठवड्यात मिरजेला डॉक्टरांकडं जाणार आहे.