सातव्याची ४३ मिनिटं

सात जणांना एक कोडं घातलं. सोडवायला लागलेली मिनिटं अशी : ३, ३, ३, ५, ६, ७ आणि ८. बेरीज ३५, सरासरी ५. आता समजा, सातव्याचं घोडं मध्येच अडलं आणि त्याला ८ ऐवजी ४३ मिनिटं लागली. बाकीचे सहा होते तिथेच आहेत. तरी बेरीज होते ७० आणि सरासरी एकदम १०! सहा जणांनी कोडं त्याच्या बरंच आधी सोडवलंय, आणि नेमकी दहा मिनिटं तर कुणालाच लागलेली नाहीत.

गणित कुठेही चुकलेलं नाही. शालेय पुस्तकात ‘मध्य’ म्हणतात ती सरासरी म्हणजे तोल सांभाळणारी जागा. एका लांब, अगदी हलक्या फळीवर ० ते ४३ आकडे लिहा, प्रत्येक माणसासाठी त्याच्या आकड्यावर एकसारखं वजन ठेवा आणि फळी कुठे टेकू दिला तर आडवी राहील ते पाहा. टेकू १० वर येतो. डावीकडच्या सहा जणांची दहापासूनची अंतरं ७, ७, ७, ५, ४, ३, म्हणजे एकूण ३३. उजवीकडे एकटा सातवा, त्याचंही अंतर ३३. लांब बसलेला एकटा माणूस सहा जणांना तोलून धरतो, म्हणून टेकूला त्याच्याकडे सरकावं लागतं.

दुसरं माप म्हणजे मध्यक. तो काढायचा तर आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला उचलायचा. (आकड्यांची संख्या सम असेल, तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची.) आपल्या सात जणांत चौथा आकडा ५, म्हणून मध्यक ५. सातव्याला ८ मिनिटं लागोत, ४३ लागोत की ४३०, मध्यक जागचा हलत नाही. सातवा शेवटी आहे एवढंच मध्यकाला कळतं. किती लांब आहे, हे तो विचारतच नाही. म्हणूनच उत्पन्नाच्या बातमीत नुसती सरासरी दिली की माझं समाधान होत नाही. मूठभर श्रीमंतांमुळे ती वर चढलेली असू शकते, मधला माणूस कुठे उभा आहे हे मध्यकाशिवाय समजत नाही.

पण म्हणून सरासरीला मोडीत काढू नये. सात जणांना मिळून किती वेळ लागला, हे १० ला ७ ने गुणलं की लगेच मिळतं. मध्यकावरून ही बेरीज परत मिळवता येत नाही. जिथे एकूण हिशोब महत्त्वाचा, तिथे सरासरीच हवी.

आकडे दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेले असले, की या दोघांत फारसा फरक उरत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ मध्ये एका बैलाच्या वजनाच्या स्पर्धेतले ७८७ अंदाज तपासले. कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, हे लोकांनी सांगायचं होतं. प्रत्यक्षात ते ११९८ पौंड भरलं. अंदाजांचा मध्यक होता १२०७ आणि सरासरी ११९७.

राहिला बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा. आपल्या उदाहरणात तो ३. रक्तगट किंवा आवडता रंग यांची बेरीज करता येत नाही की त्यांना क्रमही लावता येत नाही. तिथे बहुलकच कामाचा. आणि कोणता आकडा किती वेळा आला याच्या आलेखात दोन ठळक उंचवटे दिसले, तर दोन वेगळे गट एकत्र मोजले गेलेत का, हे आधी तपासून बघावं.

मध्यक नीट वाचता येणं किती मोलाचं असतं, हे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांच्या आयुष्यात दिसतं. १९८२ मध्ये त्यांना मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक होता आठ महिने. हे वाचून कुणालाही वाटेल की आता हाती आठच महिने उरले. गुल्ड यांनी आकड्याचा खरा अर्थ पाहिला : निम्मे रुग्ण आठ महिन्यांपेक्षा जास्त जगतात. मग तो जास्तीचा काळ कुठवर जातो, हे त्यांनी शोधलं. रुग्ण किती काळ जगले याच्या आलेखाची डावी बाजू शून्यापाशी अडलेली होती, उजवीकडे मात्र शेपूट कित्येक वर्षं लांब पसरलं होतं. आपलं वय, लवकर झालेलं निदान आणि मिळत असलेले उपचार पाहता आपण त्या शेपटात असण्याची शक्यता बरीच आहे, हे त्यांनी ताडलं. त्यानंतर ते २० वर्षं जगले. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं, ते वेगळ्याच एका कर्करोगाने.