कॉलेज कप
कॉलेज कप : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठीय पुरुष फुटबॉल संघांची वार्षिक राष्ट्रीय बाद स्पर्धा. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही संस्था ती 1959 पासून भरवते. तिचे अधिकृत नाव ‘एनसीएए विभाग 1 पुरुष सॉकर अजिंक्यपद स्पर्धा’ असे आहे; विभाग 1 म्हणजे एनसीएएच्या तीन श्रेणींपैकी सर्वोच्च. काटेकोरपणे पाहता ‘कॉलेज कप’ म्हणजे उपांत्य फेरीतील चार संघांचा शेवटचा टप्पा. व्यवहारात मात्र सबंध स्पर्धेलाच हे नाव लावले जाते. या नोंदीत ‘फुटबॉल’ हा शब्द असोसिएशन फुटबॉलसाठी, म्हणजे अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात त्या खेळासाठी वापरला आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकी महाविद्यालयांतील फुटबॉलचा आरंभ नेमका कधी धरावा, याबद्दल मतभेद आहेत. 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्स्विक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना रटगर्सने 6–4 असा जिंकला. अमेरिकी फुटबॉलचे (चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या, रग्बीसारख्या खेळाचे) इतिहासकार त्याला आपल्या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानतात. सॉकरचे अभ्यासक त्यावर हरकत घेतात. त्या दिवशी चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती आणि नियमांचा मूळ सांगाडा लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या 1863 च्या नियमांवरून घेतला होता, त्यामुळे हा सामना आपला आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही दावे थोडे ताणलेले आहेत. प्रत्येक बाजूला 25 खेळाडू होते आणि चेंडूला हाताने फटका मारण्याची मुभा होती. असा खेळ आज ना सॉकरच्या चौकटीत बसतो, ना अमेरिकी फुटबॉलच्या. दोन्ही खेळांचा तो समाईक पूर्वज होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

पुढच्या काही वर्षांत महाविद्यालये या खेळापासून दूर गेली. 1874 मध्ये हार्व्हर्डने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संघाशी सामने खेळले, त्यांतून हार्व्हर्डच्या खेळाडूंना रग्बीची गोडी लागली. 1876 मध्ये स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथील बैठकीत पूर्वेकडील प्रमुख महाविद्यालयांनी रग्बीवर आधारित नियम स्वीकारले. त्यानंतर जवळजवळ पाव शतक महाविद्यालयांच्या मैदानांवर असोसिएशन फुटबॉल फारसा दिसत नाही. तो जिवंत राहिला गिरणीगावांत, खाणींच्या वस्त्यांत आणि स्थलांतरितांच्या क्लबांत. पुढे कॉलेज कप जिंकणाऱ्या अनेक संघांची मुळे विद्यापीठांपेक्षा या वस्त्यांतच सापडतात, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फियाजवळच्या हॅव्हरफर्ड महाविद्यालयाने खेळाचे पुनरुज्जीवन केले. 1905 च्या एप्रिलमध्ये हॅव्हरफर्डने हार्व्हर्डला 1–0 असे हरवले. आधुनिक नियमांनुसार झालेला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून बहुतेक अभ्यासक याचाच उल्लेख करतात, आणि तेच मत येथे ग्राह्य धरले आहे. त्याच सुमारास हार्व्हर्ड, हॅव्हरफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया यांची साखळी स्पर्धा सुरू झाली. 1926 मध्ये तिची जागा इंटरकॉलेजिएट सॉकर फुटबॉल असोसिएशनने घेतली. या संघटनेने मैदानावर विजेता ठरवण्याऐवजी हंगामाच्या शेवटी निकाल पाहून सर्वोत्तम संघ जाहीर करण्याची पद्धत ठेवली. परिणामी काही वर्षी एकापेक्षा अधिक अपराजित संघांना समान मान मिळाला. म्हणून 1959 पूर्वीच्या ‘राष्ट्रीय विजेत्यां’च्या याद्या संदर्भग्रंथांगणिक वेगळ्या दिसतात. एनसीएए आपली यादी 1959 पासूनच सुरू करते.

प्रत्यक्ष सामन्याने विजेता ठरवण्याचा एक प्रयत्न मध्यंतरी झाला होता. 1 जानेवारी 1950 रोजी सेंट लुइस येथे ‘सॉकर बोल’ नावाचा सामना भरला आणि पेन स्टेट व सॅन फ्रान्सिस्को यांच्यात 2–2 अशी बरोबरी झाली. पेन स्टेटचे स्कॉटिश प्रशिक्षक बिल जेफ्री त्याच वर्षी विश्वचषकासाठी अमेरिकी संघ घेऊन ब्राझीलला गेले आणि बेलो ओरिझोन्ते येथे त्या संघाने इंग्लंडला 1–0 असे हरवले. सॉकर बोल मात्र थोड्याच वर्षांत बंद पडला.

सेंट लुइसचे वर्चस्व (1959–73) : पहिल्या स्पर्धेला आठ संघ निमंत्रित होते. कनेक्टिकट विद्यापीठाच्या स्टॉर्स येथील मैदानावरील अंतिम सामन्यात सेंट लुइस विद्यापीठाने ब्रिजपोर्टला 5–2 असे हरवले. मध्य-पश्चिमेकडील एका जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यापीठाच्या नवख्या संघाने पूर्वेकडील जुन्या संघांना मागे टाकले, याचे कारण शहरात होते. सेंट लुइसमध्ये कॅथलिक चर्चच्या परगण्यांनी मुलांच्या फुटबॉल साखळ्या वर्षानुवर्षे चालवल्या होत्या. प्रशिक्षक बॉब गेल्कर हे स्वतः त्याच युवक चळवळीतून आलेले. त्यांनी संघ जवळपास पूर्णपणे शहरातल्या मुलांमधून उभारला. त्यांच्या कारकिर्दीत पाच विजेतेपदे आली (1959, 1960, 1962, 1963, 1965). त्यांचे वारसदार हॅरी किओ हे टपाल खात्यात नोकरी करणारे आणि 1950 च्या त्या विश्वचषक संघातील खेळाडू. त्यांनी आणखी पाच मिळवली (1967 संयुक्त, 1969, 1970, 1972, 1973). दहा विजेतेपदांचा हा विक्रम आजही अबाधित आहे, पण 1973 नंतर त्यात एकाचीही भर पडलेली नाही. गेल्कर पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या एडवर्ड्सव्हिल शाखेत गेले आणि 1979 मध्ये त्या संघालाही विजेतेपद मिळवून दिले.

हॉवर्ड प्रकरण : या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न 1971 च्या विजेतेपदाचा आहे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले ऐतिहासिक विद्यापीठ. त्याच्या संघाने मायामी येथील अंतिम सामन्यात सेंट लुइसला 3–2 असे हरवले. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे होते आणि संघात कॅरिबियन बेटांतील व आफ्रिकेतील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. पुढे एनसीएएने काही खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप घेतला, 1973 च्या आरंभी विजेतेपद रद्द केले आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत हॉवर्डला खेळण्यास बंदी केली.

आक्षेप तीन नियमांवर उभे होते. पहिला खेळण्याच्या वर्षांच्या मर्यादेचा. दुसरा शालेय गुणांवरून महाविद्यालयीन प्रगतीचा अंदाज बांधणारा. तिसरा केवळ परदेशी विद्यार्थ्यांना लागू होणारा : वयाच्या 19 व्या वाढदिवसानंतर परदेशात संघटित स्पर्धेत खेळलेले प्रत्येक वर्ष हे महाविद्यालयीन खेळाचे एक वर्ष म्हणून त्यांच्या खात्यातून वजा होई. अमेरिकेतच एखाद्या क्लबकडून खेळलेल्या अमेरिकी मुलाचे वर्ष मात्र वजा होत नसे. हॉवर्डने न्यायालयात धाव घेतली. 1975 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने पहिले दोन नियम वैध ठरवले आणि परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा तिसरा नियम भेदभावाचा म्हणून घटनाबाह्य ठरवला.

या प्रकरणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. नियम मोडले गेले आणि शिक्षा झाली, एवढेच काहींचे म्हणणे. इतर अभ्यासकांच्या मते कृष्णवर्णीय विद्यापीठाचे यश सहन न झाल्याने चौकशीचा रोख तिकडे वळला. हेतू सिद्ध करणे कठीण आहे. तरीही आरोपांचा एक आधार न्यायालयानेच भेदभावाचा ठरवला आहे. तेव्हा विजेत्यांच्या यादीतील 1971 ची रिकामी जागा त्या खुलाशाशिवाय छापणे अन्यायाचे होईल. सामना खेळला गेला आणि हॉवर्डने तो जिंकला, याबद्दल कोणाचाही वाद नाही. बंदी संपताच 1974 मध्ये हॉवर्ड सर्व सामने जिंकत पुन्हा अंतिम फेरीत आला, तोही सेंट लुइस शहरात आणि सेंट लुइस विद्यापीठाविरुद्ध. चौथ्या जादा वेळेत केनेथ इलोदिग्वे याच्या गोलने हॉवर्डने 2–1 असा विजय मिळवला. ते विजेतेपद निर्विवाद आहे. एनसीएएच्या विभाग 1 मधील कोणत्याही खेळात ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाने मिळवलेले ते पहिले मान्य विजेतेपद ठरते.

परदेशी खेळाडूंचा प्रश्न तिथे संपला नाही. रुमानियात वाढलेले स्टीव्ह नेगोएस्को यांचा सॅन फ्रान्सिस्को संघ 1975, 1976 आणि 1980 मध्ये विजेता ठरला. त्यात नायजेरिया व नॉर्वेमधील खेळाडूंचा मोठा वाटा होता. त्याच संघाचे 1978 चे विजेतेपद पात्रतेच्या कारणावरून रद्द झाले. क्लेमसनला आय. एम. इब्राहिम यांनी 1984 आणि 1987 मध्ये विजेतेपद मिळवून दिले, तेही गयाना व नायजेरियातून आणलेल्या खेळाडूंच्या परंपरेवर. वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठाने 2020 ची स्पर्धा इंग्रज प्रशिक्षक क्रिस ग्रासी यांच्या मार्गदर्शनाखाली आणि बहुतांशी परदेशी खेळाडूंच्या बळावर जिंकली. स्थानिक मुलांना संधी मिळावी की जगभरातले चांगले विद्यार्थी-खेळाडू यावेत, हा वाद प्रत्येक पिढीत नव्याने होतो. सेंट लुइसचा अपवाद वगळला, तर हा खेळ महाविद्यालयांत रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या माणसांकडे जाते.

इंडियाना, व्हर्जिनिया व नंतरचा काळ : इंडियानाने आठ वेळा स्पर्धा जिंकली (1982, 1983, 1988, 1998, 1999, 2003, 2004, 2012). त्यांतील पहिली सहा जेरी येगली यांच्या मार्गदर्शनाखाली आली. व्हर्जिनियाची सात विजेतेपदे आहेत. ब्रूस अरीना प्रशिक्षक असताना या संघाने 1991 ते 1994 अशी सलग चार वर्षे स्पर्धा जिंकली. तेवढे सातत्य दुसऱ्या कोणत्याही संघाला साधलेले नाही. पुढे अमेरिकेचा कर्णधार झालेला क्लॉडियो रेना त्यांपैकी तीन संघांत होता. अरीना पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2002 च्या विश्वचषकात अमेरिका उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली. त्यानंतर सलग विजेतेपदे मिळवणारा उल्लेखनीय संघ म्हणजे स्टॅनफर्ड (2015 ते 2017). 2024 मध्ये मानांकन नसलेल्या व्हरमाँटने केरी (नॉर्थ कॅरोलायना) येथे मार्शलला जादा वेळेत 2–1 असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले.

स्वरूप व नियम : 2001 पासून स्पर्धेत 48 संघ असतात. विभाग 1 मध्ये दोनशेच्या वर पुरुष संघ खेळतात. त्यांतून विद्यापीठांच्या गटांतील (कॉन्फरन्स) विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा निवड समिती हंगामातील कामगिरीवरून भरते. पहिल्या 16 मानांकित संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकित संघाच्या मैदानावर आणि शेवटचे तीन सामने ठरलेल्या ठिकाणी होतात. स्पर्धा नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. महासाथीमुळे 2020 ची स्पर्धा 2021 च्या वसंतात, 36 संघांत खेळवली गेली.

महाविद्यालयीन नियम फिफाच्या नियमांपासून काही बाबतींत वेगळे आहेत. घड्याळ 45 मिनिटांवरून शून्याकडे उलटे धावते आणि ठरावीक प्रसंगी थांबते, त्यामुळे पंचाने शेवटी वेळ वाढवण्याचा प्रश्न येत नाही. बदललेला खेळाडू ठरावीक मर्यादेत पुन्हा मैदानावर येऊ शकतो. या मुभेमुळे प्रशिक्षक ताज्या दमाचे खेळाडू सतत आत-बाहेर करतात आणि खेळ धावपळीचा होतो, अशी जुनी तक्रार आहे; ती बरीचशी खरी आहे. व्यावसायिक खेळात 90 मिनिटे पुरवून खेळण्याची जी शिस्त लागते, ती येथे पूर्णपणे शिकायला मिळत नाही.

बरोबरी सोडवण्याची पद्धत वारंवार बदलली. 1967 चा अंतिम सामना खराब हवामानामुळे 0–0 असताना थांबवावा लागला आणि मिशिगन स्टेट व सेंट लुइस संयुक्त विजेते ठरले. 1968 मध्ये मेरिलँड व मिशिगन स्टेट यांनाही 2–2 अशा बरोबरीनंतर विजेतेपद वाटून घ्यावे लागले. पुढे निकाल लागेपर्यंत खेळत राहण्याकडे कल झुकला. 1982 मध्ये इंडियाना–ड्यूक अंतिम सामना आठव्या जादा वेळेपर्यंत चालला. 1985 मध्ये सिॲटल येथील छताखालच्या मैदानावर यूसीएलएने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस अँजेलिस) वॉशिंग्टनच्या ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’ला 1–0 असे हरवले, तेव्हा 166 वे मिनिट चालू होते. विद्यार्थ्यांच्या शरीरावर एवढा भार टाकणे समर्थनीय नव्हते. 1989 मध्ये रटगर्सच्या मैदानावर कडाक्याच्या थंडीत सांता क्लारा व व्हर्जिनिया 1–1 असे बरोबरीत राहिले आणि पुन्हा संयुक्त विजेते जाहीर झाले. पुढच्याच वर्षीचा अंतिम सामना पेनल्टींवर सुटला. त्यानंतर संयुक्त विजेते झालेले नाहीत. 2019 मधील जॉर्जटाउन–व्हर्जिनिया (3–3) आणि 2022 मधील सिरॅक्यूज–इंडियाना (2–2) हे अंतिम सामने पेनल्टींवर 7–6 अशा एकाच फरकाने संपले. 2022 पासून हंगामातील नेहमीच्या सामन्यांतून जादा वेळ काढून टाकण्यात आला. बाद सामन्यांत आधी जादा वेळ आणि मग पेनल्टी हा क्रम कायम आहे.

शिष्यवृत्ती व हंगाम : विभाग 1 मधील पुरुष संघाला दीर्घकाळ 9.9 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पंचवीस-तीस मुलांच्या संघात तेवढीच रक्कम तुकड्यांनी वाटावी लागे, त्यामुळे बहुतेक खेळाडू अंशतः स्वखर्चाने शिकत. संपूर्ण हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर या काळात कोंबला जातो, आठवड्यात दोन-दोन सामने होतात. तो दोन सत्रांत विभागावा, अशी मागणी मेरिलँडचे प्रशिक्षक साशो सिरोव्हस्की यांच्यासह अनेकांनी लावून धरली. 2020 मध्ये अपेक्षित असलेले त्यावरचे मतदान महासाथीमुळे लांबणीवर पडले. 1996 मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाल्यावर व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून खेळाडू निवडू लागले. आता क्लबांच्या स्वतःच्या अकादमी असल्यामुळे सर्वांत गुणी मुले अनेकदा विद्यापीठात येतच नाहीत किंवा एक-दोन वर्षांत निघून जातात.

संलग्न स्पर्धा : एनसीएएने विभाग 2 साठी 1972 मध्ये आणि विभाग 3 साठी 1974 मध्ये पुरुषांच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू केल्या. महिलांची एनसीएए स्पर्धा 1982 पासून होते. पहिले विजेतेपद नॉर्थ कॅरोलायनाने मिळवले. एनसीएएबाहेरील लहान महाविद्यालयांची एनएआयए ही संघटना 1959 पासूनच आपली वेगळी राष्ट्रीय स्पर्धा भरवते.