टोनर ट्रान्सफर पद्धत

टोनर ट्रान्सफर ही घरच्या घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग जोडायची, तांब्याच्या रेषा असलेली पट्टी) तयार करण्याची पद्धत आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची बारीक पूड. ती उष्णतेने वितळून तांब्याला चिकटते आणि फेरिक क्लोराइडला (तांबे विरघळवणारे रसायन) दाद देत नाही. त्यामुळे टोनरखालचे तांबे टिकते आणि उघडे तांबे विरघळून जाते. इंकजेटच्या शाईने असे आवरण बसत नाही.

आराखडा आणि छपाई. ट्रॅक (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेषा) ०.४ मि.मी. किंवा अधिक रुंद ठेवावेत. दोन ट्रॅकमधले अंतरही तेवढेच असावे. पॅड (भागांचे पाय जोडायच्या तांब्याच्या चकत्या) १.८ ते २ मि.मी. व्यासाचे ठेवले तर हाताने भोक पाडताना उखडत नाहीत. प्रतिमा उलटी छापायची की सुलटी, यात बऱ्याच पट्ट्या वाया जातात. त्यावर साधा उपाय म्हणजे आराखड्यातल्या तांब्याच्या थरातच एखादे अक्षर लिहून ठेवणे. कागदावर ते आरशातल्यासारखे उलटे दिसले, तर तांब्यावर सुलटे उमटेल. छपाई १०० टक्के मापात हवी. ४०-पिनी डीआयपी आयसीच्या (दोन रांगांत पिना असलेली चिप) एका रांगेत पहिल्या व शेवटच्या पिनेत ४८.२६ मि.मी. अंतर असते, ते कागदावर मोजून पाहावे. टोनर वाचवण्याची सोय बंद करून गडद छाप काढावा.

कागद मासिकाचा गुळगुळीत चालतो. झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेताना प्लॅस्टिकचा लेप असलेला फोटो पेपर देऊ नये. तो प्रिंटरच्या तापत्या रोलरवर वितळून यंत्र बिघडवतो.

तांब्याची तयारी. काम बिघडते ते बहुधा इथेच. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर चढवलेली कोरी पट्टी, सहसा १.६ मि.मी. जाड, त्यावर ३५ मायक्रॉन तांबे) मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळते. ते भांडी घासायच्या हिरव्या घासणीने साबण लावून घासावे. पाणी थेंब न धरता सपाट पसरले की तेलकटपणा गेला असे समजावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पुन्हा बोट लावू नये. बोटाचा एक ठसाही तिथला टोनर सुटायला पुरतो. कापताना कडेला उठलेली धार कानसीने मोडावी, नाहीतर इस्त्री कडेवर टेकते आणि मध्ये दाब पोचत नाही.

इस्त्री. वाफ बंद ठेवून सुती कपड्यांच्या तापमानावर ३ ते ५ मिनिटे दाब द्यावा. इस्त्री सरकवू नये, उचलून पुढे ठेवावी. घासत नेल्यास वितळलेला टोनर फासटतो आणि शेजारचे ट्रॅक जुळतात. मोठ्या पट्टीला लॅमिनेटर बरा, पण तो १.६ मि.मी. जाडी घेतो का ते आधी पाहावे. नंतर पट्टी निवू द्यावी, १५ मिनिटे पाण्यात भिजवावी आणि कागद अंगठ्याने चोळून काढावा. ओढून काढल्यास टोनरही निघतो. ट्रॅकच्या फटीत अडकलेला लगदा जुन्या टूथब्रशने काढावा. तो राहिला तर तिथले तांबे विरघळत नाही. तुटक्या जागा परमनंट मार्करने भराव्यात. फार ठिकाणी टोनर उडाला असेल, तर थिनरने सगळे पुसून नव्याने छापणे कमी वेळात होते.

एचिंग (उघडे तांबे विरघळवणे). फेरिक क्लोराइड प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्यावे, धातूच्या कधीच नाही. पावडर थोडी थोडी पाण्यात टाकावी, कारण विरघळताना बरीच उष्णता निघते. हातमोजे आणि चष्मा हवाच. पट्टी काही सेकंद बुडवून धुऊन पाहावी: उघडे तांबे निस्तेज गुलाबी होते. जिथे ते अजून चकाकते, तिथे कागदाचा किंवा तेलाचा थर शिल्लक आहे. तो काढून मगच पुढे जावे. द्रावण ४० ते ५० अंश सेल्सिअस ठेवून भांडे हलवत राहिल्यास १० ते २० मिनिटे लागतात. थंड द्रावणात बराच जास्त वेळ जातो. काम झाले की पट्टी लगेच बाहेर काढावी. जास्त राहिल्यास द्रावण कडांनी टोनरखाली शिरते आणि बारीक ट्रॅक तुटतात.

शेवटची कामे. टोनर अ‍ॅसिटोनने निघतो. रेझिस्टर व आयसीसाठी ०.८ मि.मी., १एन४००७ सारख्या डायोडसाठी १ मि.मी. ड्रिल वापरावे. आराखड्यातच पॅडच्या मध्ये ०.४ मि.मी. जागा मोकळी सोडली, तर ड्रिलचे टोक घसरत नाही. सुटे भाग लावण्याआधी शेजारचे ट्रॅक मल्टिमीटरने तपासावेत. लगेच फ्लक्स (डाख नीट बसवणारा पदार्थ) लावून ट्रॅकवर कथलाचा पातळ थर द्यावा, म्हणजे तांबे काळे पडत नाही.

वापरलेले द्रावण नावाची चिठ्ठी लावून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे. ते अनेकदा चालते. ते निकामी झाले तरी मोरीत किंवा मातीत ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे मासे आणि पाण्यातल्या इतर जिवांना घातक असते. धुण्याचा सोडा हळूहळू घालून (फेस येतो, भांडे मोठे घ्यावे) गाळ बसू द्यावा आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.