स्टॅटिन

रक्तातले कोलेस्टेरॉल, विशेषतः एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात), कमी करणाऱ्या औषधांचा गट. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन ही त्यातली परिचित नावे.

ही गोळी रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी विरघळवते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तिचे मुख्य काम यकृतात चालते. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल पेशी स्वतःच तयार करतात. त्या लांबलचक प्रक्रियेत एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम मेव्हॅलोनेट हा मधला पदार्थ बनवते आणि पुढच्या साऱ्या कामाचा वेग इथेच ठरतो. स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग या एन्झाइमला लागणाऱ्या कच्च्या मालासारखा दिसतो. तो एन्झाइममधली त्या मालाची जागा अडवून बसतो.

मात्र उत्पादन घटले एवढ्यानेच रक्तातले एलडीएल उतरत नाही. खरी गंमत पुढे आहे. टंचाई जाणवलेली यकृतपेशी एसआरईबीपी-२ या प्रथिनामार्फत आपली जनुके कामाला लावते. तिच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राही (रिसेप्टर) वाढतात आणि ते रक्तातले एलडीएल कण आत ओढून घेतात. या ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५चे नोबेल मिळाले. ज्यांच्यात जन्मतःच हे ग्राही जवळजवळ नसतात, त्यांना स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही.

त्याच इशाऱ्याने पीसीएसके९ हे ग्राही मोडणारे प्रथिनही वाढते. गोळीचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरते, त्यामागे हे एक कारण मानले जाते.

स्टॅटिनचे मूळ बुरशीत आहे. जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंदो यांनी हजारो बुरशी तपासल्या. क्योतोतल्या तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत १९७३मध्ये त्यांना कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन सापडले. उंदरांवर ते चालले नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर चालले, म्हणून संशोधन वाचले. बाजारात मात्र पहिले आले लोव्हास्टॅटिन, १९८७मध्ये अमेरिकेत. तेही दुसऱ्या एका बुरशीतूनच.

स्नायू दुखणे ही नेहमीची तक्रार. स्नायूपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर ताण येणे हे क्वचितच घडते. शरीर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवते. त्यामुळे शरीरात थोडाच वेळ टिकणारे सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायला सांगतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन बराच वेळ टिकते, त्याला ही अट नाही.