गारेच्या पोटात आग नसते

चकमक झाडली की गारेच्या, म्हणजे चकमकीच्या कठीण दगडाच्या, पोटातली आग बाहेर येते, असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. ते खरं नाही. ठिणगी दगडाची नसते, लोखंडाची असते. हे समजावून सांगायला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी शिकारी बंदुकीइतकं सुंदर साधन मला दुसरं माहीत नाही. त्यातही जी चकमकीची म्हणून घडली आणि पुढे ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची झाली, ती बंदूक माझी विशेष लाडकी.

ही ठासणीची बंदूक. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासायचे. नळीच्या बुडाशी, बाजूला एक बारीक भोक असतं. भोकाबाहेरच्या लहानशा वाटीत चिमूटभर बारीक दारू ठेवायची. आपल्याकडे या दारूला रंजक म्हणत. चाप ओढला की घोड्याच्या, म्हणजे ठोका देणाऱ्या भागाच्या, जबड्यात आवळलेली गार पोलादाच्या उभ्या पत्र्यावर आपटते.

गार पोलादाहून कठीण. पत्र्यावरून घसरताना ती पोलादाचा सूक्ष्म कीस खरवडते. तो कीस खरवडतानाच तापतो आणि हवेतल्या ऑक्सिजनशी भिडून पेटतो. मग लोखंडाचा खिळा का पेटत नाही? एखाद्या ठोकळ्याची बाजू दहापट लहान केली, तर वजनाच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग दहापट वाढतो. खिळ्याच्या पृष्ठभागावरची उष्णता आतल्या धातूत जिरून जाते. किसाच्या कणाला ‘आत’ असं जवळजवळ काही नसतंच. उष्णता तिथेच साठते, कण जळता जळता आणखी तापतो. फुलबाजीतला लोखंडाचा कीस असाच जळतो, आणि सुरीला धार लावताना चाकावरून उडतो तोही.

ठिणगी वाटीत पडते, रंजक भडकते, ज्वाला भोकातून आत शिरते आणि मग बार उडतो. या सगळ्याला सेकंदाचा छोटासा अंश लागतो, पण वाटीतला भडका पाहून पाखराला उडून जायला तेवढा पुरे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ स्वतः शिकारी होते आणि त्यांना हेच खटकत होतं. आघाताने पेटणारी द्रव्यं वापरून त्यांनी नवी कळ, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, तयार केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. ठोक्याने पेटणारं द्रव्य भरलेली तांब्याची चिमुकली टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली.

टोपीत भरलं जाई पाऱ्याचं फल्मिनेट, ज्याचं वर्णन एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० साली केलं होतं. या रेणूत कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एका अवघडलेल्या रांगेत जखडलेले असतात. घोड्याचा ठोका बसला की रांग कोसळते; नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना मिठी मारतात, कार्बन ऑक्सिजनशी जुळून कार्बन मोनॉक्साइड होतो, पारा सुटा पडतो. बाहेरच्या हवेची वाट पाहायचीच नसते. टोपीत पोटॅशियम क्लोरेटही मिसळत, तेही ऑक्सिजन पुरवतं. पोरं दिवाळीत फोडतात त्या टिकल्यांत हेच क्लोरेट लाल फॉस्फरसबरोबर असतं.

मंत्राने होम पेटवून दाखवणारे बाबाही याच जातीच्या रसायनावर जगतात. समिधांत लपवलेलं पोटॅशियम परमँगनेट ऑक्सिजन देतं, ‘तूप’ म्हणून ओतलेलं असतं ग्लिसरीन. मंत्र न म्हणताही ते पेटतंच, आणि हे प्रत्येक शाळेत शिक्षकांनी काळजीपूर्वक करून दाखवायला हवं.

१८३४ मध्ये इंग्लंडमधल्या वूलिच इथे ब्रिटिश लष्कराने चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांची तुलना केली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार काढले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या गेल्या, टोपीच्या ३६ वेळा.

शिकाऱ्यांनी मात्र जुन्या बंदुका टाकल्या नाहीत, कारण चांगली नळी फार महाग. पत्रा, त्याची स्प्रिंग आणि वाटी काढायची, भोकात पोकळ नळकांडं पिळून त्यावर टोपी बसवायची खुंटी लावायची, घोडा बदलायचा. अशी बंदूक ओळखायची तर कळीच्या पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं शोधावीत. आणि खुंटीभोवतीचं लोखंडही पाहावं. ते बऱ्याचदा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेलं असतं, कारण क्लोरेट जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं.